नवटाक आणि गोळी
१९४९च्या दारूबंदी कायद्यानं गिरणगावातली दारू थांबली नाही. हातभट्टीची नवटाक होऊन ती चाळीमागच्या गुत्त्यात गेली, एवढंच. आमचे आप्पा गिरणीच्या साचाखात्यात. पाळी सुटली की आधी गुत्ता, मग घर. पाठ धरली की नाक्यावरून पॅरासिटामॉलच्या सुट्ट्या गोळ्या. चिठ्ठीबिठ्ठी कोण मागतंय! १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, हात रिकामे झाले, पिणं वाढलं. डोळे पिवळे पडल्यावर आजीनं काविळीचा पाला पाजला. डॉक्टर मात्र आईवरच खेकसले: पॅरासिटामॉल लिव्हरमध्येच मोडतं, रोज पिणाऱ्याला थोडंही बाधू शकतं. मग आई गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवू लागली. बाटली कुठं लपते, ते तिला कधी सापडलं नाही. १९८६ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र निघालं. आईनं गाडीभाड्यासाठी बांगडी मोडली. आप्पा म्हणाले, "मला काय वेड लागलंय?"