कंदिलाची कांच

आमच्या लहानपणीं कवठे महांकाळास दिवेलागणीपूर्वीं कंदिलाची कांच पुसणें हें मुलांचें काम असे. मोठ्यांचा हात कांचेंत जात नसे, हें त्याचें साधें कारण. चिमूटभर राख आणि मऊ फडकें, एवढीच सामग्री. कांच फुटली तर बोलणीं बसत. परंतु अशा कांचा माणसें तोंडानें फुंकून घडवितात, हें आम्हांस कोणीं सांगितलें नव्हतें.

कांचेचें मूळ द्रव्य वाळू. तींत सोडा मिसळला कीं ती कमी उष्णतेंत वितळते. चुनखडी घातल्यानें कांच पाण्यास टिकते. तरीहि भट्टी १४०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापवावी लागते. मुशींतील मधासारखा दाट रस एका लांब, पोकळ लोखंडी नळीच्या टोकावर घ्यावयाचा. ही नळी म्हणजे आपल्या चुलीच्या फुंकणीची थोरली बहीणच. ती सतत फिरवावी लागते, नाहीं तर रस एका अंगास ओघळतो. मग बेताची फुंकर. फुगा सांच्यांत उतरवून पुन्हां फुंकर. ती कमी पडली तर आकार अपुरा राहतो, एकीकडे अधिक फुगला तर अंग पातळ होतें. शेवटीं कांच सावकाश निववावयाची. घाई केल्यास आंत ताण राहून ती तडकते.

ही युक्ति इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत सीरियाच्या बाजूस निघाली आणि श्रीमंतांचें कांचपात्र सामान्यांच्या घरीं आलें. महाराष्ट्रांत मात्र विसाव्या शतकाच्या आरंभींहि बरीचशी कांच परदेशांतून येई. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं पैसा मागून पैसा फंड उभारला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें. त्यांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला. जपान व अमेरिकेंत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथें शिकवूं लागले. पैसा जमला तरी फुंकर शिकवावीच लागते, हें त्या मंडळींनीं ओळखिलें होतें.

१९१४ च्या महायुद्धानें आस्ट्रिया-जर्मनीचा माल अडला. १९१६ सालीं ओगले बंधूंचा कारखाना निघाला. औंधच्या पंतप्रतिनिधींचें त्यास साहाय्य होतें. कऱ्हाड स्थानकाजवळची ओगलेवाडी त्यांच्याच नांवाची. पुढें तेथील ‘प्रभाकर’ कंदील घरोघरीं गेला.

विजेचे दिवे आले, कंदील माळ्यावर गेला. ओगलेवाडीचा तो कारखानाहि आतां बंद आहे. काळाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. परंतु संस्थापकांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, भट्टीपुढें उभे राहून फुंकणाऱ्यांचीं राहिलीं नाहींत, हें आम्हांस टोंचतें. त्यांची विद्या पुस्तकांत नव्हती. ती हातांत व छातींत होती, आणि माणसाबरोबर जाणारी होती. सातारा-सांगलीकडील ज्या घरांतून कोणी त्या भट्टीवर राबलें असेल, त्या घरांनीं वडीलधाऱ्यांस अजून विचारून ठेवावें. पुसलेली कांच पुन्हां पुसतां येते. विसरलेली विद्या मात्र पुन्हां पहिल्या फुंकरीपासून शिकावी लागते.