झेंड्याच्या कडेची पट्टी

तिरंग्यात चौथं कापडही असतं, पण ते सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही. काठीच्या बाजूची ती जाड, मळकट पांढरी पट्टी. ती दुमडून नळी करतात, नळीतून दोरी ओवतात आणि वरच्या टोकाला लाकडी खुंटी अडकवतात. वारा सुटला की झेंड्याची सगळी ओढ या एकाच कडेवर येते. जुना झेंडा हातात घेऊन पाहा: फडफडून मोकळ्या कडेच्या दशा सुटलेल्या असतात, पट्टी मात्र शाबूत.

झेंड्याचं मानक, 'आयएस १', १९५१ सालचं. त्यानुसार रंगांचं कापड खादी बंटिंग आणि पट्टीचं खादी डक. साध्या विणीत दोन धाग्यांची गाठ पडते, डकमध्ये तिसरा येतो. ही वीण जमणारे विणकर देशात मोजकेच. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडला झेंडे शिवते, त्यासाठी कापड येतं लातूर जिल्ह्यातल्या उदगीरहून. निजामाच्या राज्यात तिरंगा फडकवणं हाच गुन्हा होता, त्याच मुलखात.

डकचं मूळ मात्र समुद्रावर. युरोपातली शिडं बहुतेक लिननची, वाऱ्यानं फुगून ढगळ व्हायची. १८५१ साली 'अमेरिका' नावाची नौका सुती डकची सपाट, ताठ शिडं लावून इंग्लंडात उतरली आणि वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकून गेली. आपल्याकडे शिडाला सूत लावणं नवं नव्हतं. मुंबईच्या डोंगरीचं नाव लागलेलं जाडंभरडं कापड शिडांना आणि तंबूंना जातच होतं.

पुढे असं जाड सुती कापड, म्हणजे कॅनव्हास, शिडावरून होडीच्या अंगावर उतरलं. १८७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या मेन राज्यात सीडरच्या पातळ फळ्यांवर कॅनव्हास ताणून, त्याची छिद्रं लुकणानं बुजवून वर रंग देत. पातळ लाकडाला त्यानं पाणी लागत नसे. पण सूत पाणी पितं, कुजतं. दुसऱ्या महायुद्धानंतर काचेच्या धाग्याचं कापड आलं आणि कॅनव्हास मागे पडला. आज घरी लाकडी कयाक बांधणारा चौरस वाराला ४ किंवा ६ औंस भरणारं काचकापड घेतो. इपॉक्सीत भिजलं की ते पारदर्शक होतं, लाकडाच्या रेषा तशाच दिसतात. तळाला आणि सांध्यांवर जादा पट्टी. १९६५ साली शोधलेलं केवलार त्याहून चिवट, पण घासलं की लव उभी राहते, म्हणून बरेच जण ते आतल्या बाजूला लावतात. भार जिथे, कापड तिथे. उदगीरच्या डकचा हिशेबही हाच आहे.

होडीवरचं काम असं गेलं, झेंड्यावरचं टिकून आहे. अर्थात ३० डिसेंबर २०२१ च्या ध्वजसंहितेतल्या बदलानं यंत्रावरचं आणि पॉलिएस्टरचं कापडही चालू लागलं. पॉलिएस्टर पावसात लवकर सुकतं, हे मान्य करायला हरकत नाही. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. ते आहे रस्त्यावर मिळणाऱ्या त्या झेंड्यांशी, ज्यांत पट्टीच नसते. रंगीत कापडच दुमडून टीप मारलेली असते. मराठवाड्यात १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनीही झेंडा चढतो, म्हणजे वर्षात एक दिवस जास्तच. घेताना आधी कड चिमटीत धरून बघावी: कापड वेगळं लागतंय का, आणि आत दोरी आहे का.