पेन्शनचा हंडा कुणी भरायचा होता?



मार्च २०२३ मधला संप तुम्हाला आठवत असेल. १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत राज्यातले सुमारे १७ लाख सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी कामावर नव्हते. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गावोगावी ऐकू येत होती. गावात दोन तट पडले होते. एकजण म्हणायचा, "मास्तरांना पगार काय कमी आहे? आम्हाला कोण पेन्शन देतंय?" दुसरा म्हणायचा, "तीस वर्षं नोकरी करून म्हातारपणी पोरांपुढं हात पसरायचा का?" आणि सरकार म्हणत होतं, तिजोरीला हे झेपणार नाही. मग यात दोष कुणाचा? हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं. सुरुवात आपल्याच तालुक्यापासून करूया.

आपल्या गडहिंग्लज तालुक्यातला सामानगड आपण सहलीला, देवदर्शनाला जाऊन पाहिलाय. त्या काळी गड राखणाऱ्यांना गडकरी म्हणत. त्यांना रोख पगार फारसा नसे. सेवेच्या बदल्यात जमिनी असत आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या चालत. म्हातारपण, आजारपण, मागं राहिलेली बायकापोरं, सगळ्यांचा आधार तीच जमीन. १८४४ साली कोल्हापूर संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या सल्ल्यानं चालत होता. दाजी कृष्ण पंडित कारभारी होते. त्यांनी नवी व्यवस्था लावताना गडकऱ्यांच्या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे दिला. आपली शाश्वती गेली, असं गडकऱ्यांना वाटलं आणि त्यांनी सामानगडाचे दरवाजे बंद केले. उठाव भुदरगडापर्यंत पसरला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजी फौजेनं सामानगड घेतला.

ती काही आजच्यासारखी पेन्शन नव्हती. पण एक गोष्ट त्यातून कळते. कारभाऱ्याला जो नुसता हिशेबाचा बदल वाटतो, तो चाकरी करणाऱ्याच्या घरात उद्याच्या भाकरीचा प्रश्न असतो.

पुढं इंग्रज सरकारनं १८७१ साली पेन्शनचा कायदा केला. त्यात पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी, असाच भाव होता. सरकारी अधिकाऱ्याच्या दाखल्याशिवाय त्याबद्दल दिवाणी कोर्टात दावासुद्धा लावता येत नसे. हे चित्र बदलायला शंभरावर वर्षं गेली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्यात सांगितलं, की पेन्शन ही खैरात नाही, ती केलेल्या नोकरीची कमाई आहे. म्हणून १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळतात.

हक्क तर मान्य झाला. पण त्या हक्काचा पैसा कुठं ठेवला होता? खरी गोम इथंच आहे.

आपल्या गटाचं उदाहरण घ्या. समजा आपण ठराव केला, की प्रत्येक सदस्येला साठीनंतर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची. इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या. पण त्यासाठी दरमहा एक रुपयाही बाजूला काढला नाही. सुरुवातीला काही अडचण येणार नाही, कारण सगळ्या तरण्या आहेत. दोघी-तिघींना द्यायचं, तर आलेल्या हप्त्यांतून भागेल. पण वीस वर्षांनी निम्म्या गटाला द्यायची वेळ आली, की अध्यक्ष आणि सचिव एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसतील.

जुनी पेन्शन अशीच चालत होती. कर्मचाऱ्याकडून त्यासाठी वेगळा हप्ता घेत नव्हते आणि सरकारही त्याच्या नावानं काही साठवत नव्हतं. शेवटच्या पगाराच्या जवळपास निम्मी रक्कम आणि वर महागाईभत्ता, हे सगळं त्या त्या वर्षीच्या महसुलातून द्यायचं. फंड कमी पडला, असं आपण म्हणतो. पण इथं फंड नव्हताच. हंडा भरलाच नव्हता, तर तो गळेल कुठून?

मग अडचण दिसायला इतकी वर्षं का लागली? १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वाडीवस्तीवर शाळा निघाल्या. शिक्षक, ग्रामसेवक, नर्सबाई अशी मोठी भरती झाली. ती गरजेची होती. तुम्ही-आम्ही त्याच शाळांत शिकलो. १९६५ साली बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेले गुरुजी ५८ व्या वर्षी, म्हणजे २००१ साली निवृत्त झाले. तोपर्यंत पाचव्या वेतन आयोगानं पगार वाढले होते, त्याबरोबर पेन्शनही वाढली. माणसाचं आयुष्यही वाढलं होतं, ही तर चांगलीच गोष्ट. पण यातलं काहीच अचानक घडलं नव्हतं. कोण कधी निवृत्त होणार, हे सरकारच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असतं.

शेवटी केंद्रानं १ जानेवारी २००४ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद केली. तेव्हा दिल्लीत वाजपेयींचं सरकार होतं. महाराष्ट्रानं १ नोव्हेंबर २००५ पासून तेच केलं. तेव्हा मुंबईत विलासराव देशमुखांचं, काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. त्यामुळं एका पक्षाकडं बोट दाखवून कुणाला सुटता येणार नाही.

नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापायचे, तेवढेच सरकारनं घालायचे. पुढं सरकारचा हिस्सा १४ टक्के झाला. बचत करायची, ही गोष्ट बरोबरच होती. पण किती पेन्शन मिळेल, याची हमी गेली. ती बाजारावर अवलंबून राहिली. सुरुवातीच्या वर्षांत तर कपात झाली, पण सरकारचा हिस्सा आणि व्याज खात्यात वेळेवर दिसत नाही, अशी शिक्षकांची तक्रार वर्षानुवर्षं होती. आपल्या गटात एखादीनं हप्ता भरला आणि पासबुकात नोंद नाही झाली, तर पुढच्या बैठकीत काय होईल, ते तुम्हीच सांगा.

यात बायकांचं जे झालं, ते फार कमी बोललं गेलं. २००५ नंतर लागलेला कर्मचारी नोकरीत असतानाच वारला, तर त्याच्या बायकोला जुन्यासारखी कुटुंब पेन्शन नव्हती. खात्यात दोन-चार वर्षांची कपात जमलेली, त्यात घर कसं चालायचं? संपानंतर, ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयानं अशा कुटुंबांना कुटुंब पेन्शन आणि उपदानाचा मार्ग मिळाला. मधली सतरा वर्षं त्या घरांनी कशी काढली असतील?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्यानं ती स्वीकारली. २५ वर्षं नोकरी झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. कर्मचाऱ्याचे दहा टक्के आहेतच, सरकारनं साडेअठरा टक्के घालायचे. म्हणजे हमीही आली आणि हप्ताही राहिला. कागदावर तरी ही मांडणी शहाणपणाची आहे. पण जुन्या पेन्शनवाल्यांची देणी अजून संपलेली नाहीत. २००५ मध्ये बावीस वर्षांचा असलेला कर्मचारी २०४१ च्या सुमारास निवृत्त होईल. तोवर जुन्यांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांचा हिस्साही भरायचा.

आणि नुसता फंड असून भागत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात पेन्शनचा फंड होता. पण तो पुरेसा भरला गेला नाही, २०१३ मध्ये शहरानं दिवाळं काढलं आणि निवृत्त कामगारांच्या पेन्शनला कात्री लागली. फंड ठेवणाऱ्यानं आपला हिस्सा दरवर्षी भरला पाहिजे.

आता दोष कुणाचा, ते बोलूया. माझ्या मते, शाळेतल्या बाईंचा नाही आणि तलाठ्याचाही नाही. त्यांना जो शब्द दिला, त्यावर त्यांनी आयुष्य बेतलं. दोष त्या सगळ्या सरकारांचा, ज्यांनी आज शब्द दिला आणि पैशाची सोय पुढच्यावर ढकलली. शब्द देणाऱ्याला टाळ्या मिळतात, बिल येतं तेव्हा खुर्चीत दुसराच असतो. आणि थोडा दोष आपलाही. निवडणुकीत 'काय देणार' हे आपण विचारतो, 'कुठून देणार' हे विचारत नाही.

"आम्हाला नाही, तर त्यांना कशाला?" हा राग मी समजू शकते. अंगणवाडी सेविका आयुष्यभर मानधनावर राबते. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या मागणीसाठी डिसेंबर २०२३ पासून त्यांनीही मोठा संप केला. कारखान्यातल्या कामगाराची ९५ च्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपयेच आहे. श्रावणबाळ योजनेत निराधार म्हातारीला १५०० मिळतात. पण बाईंची पेन्शन गेली, म्हणून अंगणवाडी सेविकेला ती मिळणार नाही. उलट सरकारच्या नोकरीतच म्हातारपणाची हमी राहिली नाही, तर आपल्यासाठी ती मागायची कुणाकडं?

म्हणून पुढच्या वेळी गावात कुणी काही जाहीर केलं, मग ती पेन्शन असो, अनुदान असो की महिन्याचा हप्ता, तर गटाच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा. दरवर्षी किती लागेल? ते कोण भरणार? आणि भरल्याची नोंद आम्हाला कुठं बघायला मिळेल? शंभर रुपयांच्या हप्त्यासाठी आपण हे दर महिन्याला विचारतोच. सरकारला विचारायला त्याहून वेगळी अक्कल लागत नाही.