पोथियाचा हिवाळा

बोट पोथियाच्या धक्क्याला लागते तेव्हा 1955चा जानेवारी नुकताच सुरू झालाय. पिरेअसपासूनचा प्रवास तुम्ही घोंगडीत गुरफटून काढलात. कालिम्नोस बेटाच्या या बंदरात तुमच्याखेरीज परकं कुणी उतरत नाही. समोरच्या उघड्या कातळावर निळी-पांढरी घरं एकावर एक चढत गेली आहेत. इटलीचं राज्य होतं तेव्हा लोकांनी मुद्दाम ग्रीक झेंड्याचे रंग भिंतींना दिले, असं इथे कुणीही सांगेल. बेट ग्रीसमध्ये सामील झालं त्याला येत्या मार्चमध्ये सात वर्षं होतील.

खोली लगेच मिळते. घरधनीण कोळशाची शेगडी आणून ठेवते आणि वाथीच्या खोऱ्यातली छोटी संत्री तुमच्या ओंजळीत ओतते. कामधाम काही नाही. वाटलं तर बंदराला फेरी मारा, पाऊस आला तर कॉफीच्या दुकानात शिरा.

आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही! इतर बेटं हिवाळ्यात ओस पडतात, तर हे गाव नेमकं हिवाळ्यातच भरतं. लिबियाच्या किनाऱ्यावर स्पंज काढायला गेलेले पुरुष शरदात परतलेत. धूर, तावली या फाशांच्या खेळातल्या सोंगट्यांचा खडखडाट, दारावर वाळत घातलेला ऑक्टोपस. कुणी घाईत नाही. तुम्हाला बसवून घेतात, कुठून आलात ते विचारतात, आणि उत्तर ऐकायला खरोखर थांबतात. इतकी मनापासून केलेली विश्रांती मी दुसरीकडे पाहिली नाही. मात्र तिच्यामागे काय आहे, तेही इथेच दिसतं.

तुमच्या टेबलाकडे येणारा तो पस्तिशीतला माणूस बघा. आधी काठी टेकतो, मग डावा पाय कमरेतून उचलून पुढे टाकतो. गुडघा वाकत नाही. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी पाय धरून टेबलाखाली सरकवतो आणि मगच हसतो. असे दुकानात आणखीही आहेत. पूर्वी इथले पाणबुडे सपाट दगड हाताशी धरून एका दमात तळ गाठत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, वरून पंपाने हवा मिळू लागली आणि माणूस चाळीस-पन्नास मीटरवर बराच वेळ थांबू लागला. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन सुटतो. ते मज्जारज्जूत अडकले की पाय जातात. सावकाश, थांबत थांबत वर यावं हे शास्त्राला ठाऊक होतं. पण एका बोटीवर पोशाख एखाददुसरा, पाणबुडे अनेक आणि मोसम मोजका. सावकाशीला वेळ कोण देणार?

गल्लीतल्या वखारीत डोकावा. मेंढरं कातरायच्या कात्रीने बाया-बाप्ये स्पंज गोल छाटताहेत. समुद्रातून निघतो तेव्हा तो काळा, बुळबुळीत आणि दुर्गंधी असतो. पायांनी तुडवून, धुऊन मग हे मऊ पिवळेपण येतं. हातात घेऊन दाबा. ज्यांनी तो काढला त्यांच्याच गावात तो दाबून पाहणं वेगळं वाटतं.

6 तारखेला, थेओफानियाला, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, सगळं गाव धक्क्यावर लोटतं. पाद्री थंडगार पाण्यात क्रूस फेकतो आणि पोरं धडाधड उड्या घेतात. धक्क्यावरच्या आया मात्र पाण्याकडे एकटक बघत राहतात, पोर वर येईपर्यंत.

या हिवाळ्यात चार्मियन क्लिफ्ट आणि जॉर्ज जॉन्स्टन हे ऑस्ट्रेलियन लेखक जोडपंही मुलांना घेऊन इथे राहतंय. दुकानात ऑस्ट्रेलियाचा विषय वारंवार निघतो: तिथे जावं का, की फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला, जिथे इथलेच लोक स्पंज काढतात? काठीवाला ऐकून घेतो. त्याचा धाकटा भाऊ यंदाही बोटीवर जाणार आहे. ईस्टर 17 एप्रिलला. त्यानंतर बोटी सुटतील. निघण्याआधी उचल मिळेल, त्यातून वाण्याची थकबाकी फिटेल, घरात काही महिन्यांचा खर्च ठेवला जाईल आणि उरलेलं तो मित्रांबरोबर पिऊन संपवेल. उधळपट्टी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्ही पैसे काढायला खिशात हात घालता. काठीवाला तुमचं मनगट धरतो आणि दुकानदाराला ओरडून सांगतो, पाहुण्याची कॉफीही माझ्याच उधारीत लिही.