फायलॉक्सेरा आणि युरोपातील रानद्राक्ष

फायलॉक्सेरा हा माव्याचा निकटचा आप्तकीटक होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने फ्रान्समधील द्राक्षमळ्यांचा जो विध्वंस केला, त्याचा इतिहास बहुतांशी मद्याच्या आकड्यांत लिहिला गेला आहे. १८७५ साली सुमारे ८४० लक्ष हेक्टोलिटर असलेले तेथील मद्योत्पादन १८८९ साली सुमारे २३० लक्षांवर उतरले. परंतु नदीकाठच्या अरण्यांत वृक्षांवर चढणाऱ्या रानद्राक्षाचे काय झाले, याचा विचार या इतिहासात क्वचितच आढळतो.

कीटकाचे मूलस्थान उत्तर अमेरिका. तेथील रानवेलींच्या पानांवर तो गाठी उठवितो, मुळांचा रसही शोषितो. मात्र त्या वेलींची मुळे जखमेभोवती बुचासारखा थर निर्माण करून तग धरतात. युरोपीय वेलीच्या ठायी हे सामर्थ्य नव्हते. तिची मुळे सुजून कुजत. १८६८ च्या जुलैमध्ये प्लांशाँ व त्याचे सहकारी यांनी दक्षिण फ्रान्समध्ये जिवंत वेलींच्या मुळांवर हा कीटक पाहिला. मेलेल्या वेली उपटून पाहणाऱ्यांना तो सापडला नव्हता, कारण वेल मरू लागताच तो शेजारच्या वेलीकडे सरकतो.

रानद्राक्ष ही मळ्यातील द्राक्षाचीच मूळ जात असल्याने तीही तितकीच दुर्बल ठरली. तथापि सर्व दोष या कीटकावर टाकणे न्याय्य नव्हे. भुरी व केवडा हे रोगही त्याच शतकात अमेरिकेतून आले, आणि जंगलतोड चालूच होती. त्यातही नद्यांच्या नियमनाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. लुई फोकाँ याने आपला मळा हिवाळ्यात कित्येक आठवडे पाण्याखाली ठेवून वाचविला होता; बुडालेल्या जमिनीत हा कीटक टिकत नाही. वरच्या ऱ्हाइनचे सरळीकरण १८१७ ते १८७६ या काळात झाले. पुराचे पाणी काठच्या अरण्यात येईनासे झाले, तेव्हा रानवेलीचे एक नैसर्गिक संरक्षणच गेले, असे अनुमान करता येते. जर्मनीत रानद्राक्षाची मोठी वसाहत टिकली ती केच येथील ऱ्हाइनच्या बेटावर, हे या अनुमानास पोषक आहे.

मळे सावरले ते रिपारिया, रुपेस्ट्रिस, बर्लांदिएरी या अमेरिकी रानवेलींच्या खुंटांवर कलमे बांधून. (महाराष्ट्रात रूढ झालेला डॉगरिज खुंटही टेक्ससच्या रानवेलीतलाच, येथे तो क्षारता व पाणीटंचाई यांसाठी वापरतात.) पुढे टाकून दिलेल्या मळ्यांतून हे खुंट नदीकाठी पसरले. त्यामुळे युरोपात आज काठावर दिसणारी ‘रानवेल’ पुष्कळदा त्यांचीच वंशज असते, आणि तिच्या पानांवर फायलॉक्सेराच्या गाठीही आढळतात.