ग्वाल्हेरला राहायला जाताय? सीमाभागातल्या मराठी माणसासाठी माहिती

हवाई दलाचा महाराजपूर तळ, सीमा सुरक्षा दलाची टेकनपूरची अकादमी, लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था, ट्रिपल आयटीएम. बदली किंवा शिक्षणाच्या निमित्ताने आपल्या भागातली माणसं ग्वाल्हेरला जातात ती बहुतेक यांपैकीच एखाद्या ठिकाणी. तिथे पोचल्यावर दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. पाट्यांवर मराठी आडनावं भरपूर दिसतात, पण रस्त्यावर मराठी क्वचितच कानावर पडते. असं का, आणि तिथे घर मांडायचं तर काय माहीत हवं, ते इथे एकत्र दिलं आहे.

मराठी माणसं तिथे कशी?

सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे शिंदे हे ग्वाल्हेरचे राजे. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली उज्जैनहून राजधानी इथे हलवली. किल्ल्याच्या पायथ्याजवळ फौजेचा तळ पडला आणि त्याचंच पुढे 'लष्कर' नावाचं शहर झालं. सरदार, कारकून, पुजारी, गवई अशी सगळी मंडळी दक्षिणेतून आली. शिंदे की छावनी, फालका बाजार, चिटणीस की गोठ, दौलतगंज ही वस्त्यांची नावं त्याच काळाची आठवण देतात. राजकवी भा. रा. तांबे यांचं शेवटचं आयुष्यही इथेच गेलं.

संस्थान विलीन झाल्यावर १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं आणि ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी बनली. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळला गेली. ग्वाल्हेरच्या वाट्याला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि महालेखाकारांचं कार्यालय आलं. आपल्याकडे त्या तारखेपासून भाषेचा लढा सुरू झाला. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनी मात्र हिंदी आपलीशी केली.

शहराची रचना

शहराचे जुने भाग तीन: किल्ल्याच्या उत्तरेकडचं जुनं ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार. महाराज बाडा हे लष्करचं मध्यवर्ती ठिकाण. सराफा, कापड, भांडी, वाणसामान, सगळं त्याच्या आसपास मिळतं, पण गल्ल्या अरुंद आणि गाडी लावायला जागा मिळणं कठीण. मुरारला लष्करी छावणी आहे आणि हवाई तळ त्याच बाजूला. नोकरदार मंडळी सिटी सेंटर, गोविंदपुरी, थाटीपूर, दीनदयाळ नगर या भागांत घर बघतात. फ्लॅटच्या इमारतीला इथे 'मल्टी' म्हणतात, जाहिराती वाचताना तेवढं लक्षात ठेवा. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर होती.

घर घेताना आधी पाणी विचारा

भाडं किती, याच्या आधी पाणी किती वेळ येतं ते विचारा. शहराची मदार प्रामुख्याने तिघरा धरणावर आहे. पाऊस कमी झाला की नळाला एक दिवसाआड पाणी येतं. बोअर आहे का, टाकी केवढी, ती किती घरांत वाटलेली, हे प्रत्यक्ष बघून घ्यावं. घर शक्यतो मे महिन्यात बघा, खरी परिस्थिती तेव्हाच कळते.

हवा

बेळगाव-कोल्हापूरच्या माणसाला सगळ्यात जड जाते ती हवा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, लू वाहते, दुपारी रस्ते ओस पडतात. कूलर ही चैन नाही, गरज आहे. वरच्या मजल्याचं, पश्चिमेला भिंत असलेलं घर स्वस्त मिळालं तरी दहा वेळा विचार करा. डिसेंबर-जानेवारीत उलटं: पारा पाच अंशांच्या खालीही जातो, धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. आपल्याकडच्या स्वेटरने भागत नाही. रजई तिथेच घ्या.

खाणं

सकाळी बेडई-जिलबी आणि कचोरी, थंडीत गजक. घरोघरी स्वयंपाक मोहरीच्या तेलात, कारण चंबळचा पट्टाच मोहरीचा. शेंगतेल मिळतं, पण मागावं लागतं. बाजरी मुबलक, ज्वारीचं पीठ शोधावं लागतं. गोव्या-कारवारकडच्यांनी रोजच्या ताज्या समुद्री मासळीची आशा धरू नये.

कागदपत्रं

मध्य प्रदेशात बऱ्याच सरकारी कामांना 'समग्र आयडी' लागतो, तो आल्याबरोबर काढून घ्या. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर गाडीची नोंदणी बदलावी लागते, त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत पत्र आधीच आणा. महाराष्ट्र किंवा कर्नाटकच्या जातीच्या दाखल्यावर मध्य प्रदेशच्या राज्य सेवांत आरक्षण मिळत नाही. मुलांच्या शिक्षणाचा बेत आखताना हे ध्यानात असू द्या.

सुरक्षित आहे का?

चंबळ म्हटलं की गावाकडची माणसं डाकूंचं नाव काढतात. १९७२ मध्ये जौराजवळ जयप्रकाश नारायण यांच्यासमोर शेकडो बागी शरण आले, त्याला पन्नास वर्षं उलटली. परवान्याच्या बंदुका मात्र या भागात भरपूर आहेत आणि लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची खोड अजून गेलेली नाही. वरातीपासून लांब राहा, एवढीच सूचना.

जायचं कसं?

वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, भोपाळमार्गे ग्वाल्हेरला जाते, गाडी बदलावी लागत नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस आणि मुंबईहून पंजाब मेलही आहे. सणासुदीला आरक्षण खूप आधी करा.

ओळखी कुठे होतात?

सगळ्यात सोपी वाट गाण्याची. माधव संगीत महाविद्यालय १९१८ चं, पं. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झालेलं. डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान्यता दिली. आपल्या भागाचं नातं तर त्याहून जुनं आहे. ग्वाल्हेर घराण्याच्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही गायकी इकडे घेऊन आले, आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांचेच शिष्य. दुसरी वाट गणपतीची. गणेशोत्सवात मराठी घरं आणि मंडळं सापडतात. एकदा आरतीला गेलात की पुढची चार घरं आपोआप कळतात.

आणि भाषा?

मराठी आहात म्हणून इथे कोणी अडवत नाही की चिडवत नाही. अडचण वेगळीच आहे. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या, खेळ हिंदीत, बाजार हिंदीत. जुन्या घरांत आजी मराठी बोलते, नातवाला समजते, पण उत्तर हिंदीत येतं. लिहिता-वाचता येणारे त्याहून कमी. सीमाभागात भाषेवर कोणी घाला घातला की आपण जागे होतो. ग्वाल्हेरात घाला कोणीच घालत नाही, म्हणून ती कधी गेली तेही कळत नाही.

तेव्हा सामानात मराठी बालभारतीची पुस्तकं न्या. घरात मुलांशी मराठीतच बोला, रोज अर्धा तास वाचून घ्या. आणि जनगणनेवाला दारात आला की मातृभाषेच्या रकान्यात मराठी लिहिलंय ना, ते बघून घ्या.