डमरूच्या आतला मणी

काचपट्टीवर 0.1 मायक्रॉन व्यासाचे चमकणारे मणी पसरायचे आणि त्यातला एकच सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. फोकस बरोबर असेल तर गोल ठिपका दिसतो, भोवती फिकट कडी. फोकस वर-खाली करत फोटो घेतले आणि ते थरावर थर रचून बाजूने पाहिले, की दिसतो उभा डमरू. मणी बिचारा गोलच असतो. ही सारी भिंगाची करणी. या डमरूचं शास्त्रीय नाव पॉइंट स्प्रेड फंक्शन.

कड्यांचं गणित जॉर्ज एअरी यांनी 1835 साली मांडलं, तेही दुर्बिणीतल्या ताऱ्यांसाठी. 1873 मध्ये अर्न्स्ट आबे यांनी येना इथून सूक्ष्मदर्शकाची हद्द आखली: तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसायचे नाहीत.

नमुन्यातला प्रत्येक ठिपका असाच डमरूत पसरून शेजाऱ्यांत मिसळतो. हे कॉन्व्होल्यूशन, म्हणजे गुंडाळणं; डिकॉन्व्होल्यूशन म्हणजे तो गुंता उलगडणं. हा उलगडा आधी केला तेल शोधणाऱ्यांसाठी. 1950 च्या दशकात एमआयटीत एन्डर्स रॉबिन्सन यांनी जमिनीखालून येणारे, एकमेकांत मिसळलेले प्रतिध्वनी गणिताने सुटे केले. मग 1972 मध्ये विल्यम रिचर्डसन आणि 1974 मध्ये खगोलशास्त्रज्ञ लिऑन ल्युसी यांनी वेगवेगळं काम करून एकच कृती सांगितली. मूळ वस्तूचा अंदाज करा, तो डमरूतून धुरकट करा, खऱ्या फोटोशी ताडून पाहा, फरकानुसार अंदाज सुधारा, पुन्हा तेच. मोबाइलमधल्या ‘शार्प’ बटणाशी याची गल्लत नको. ते नुसत्या कडा ठसठशीत करतं. इथे पसरलेला प्रकाश जिथून आला तिथे परत पाठवायचा असतो.

सूक्ष्मदर्शकाच्या घरात ही विद्या रुजवणाऱ्यांत डेव्हिड अ‍ॅगार्ड आणि जॉन सेडाट ठळक. फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या पेशीकेंद्राचे थराथराने फोटो घेऊन, वरच्या-खालच्या थरांतला प्रकाश गणिताने बाजूला सारून, 1983 मध्ये त्यांनी गुणसूत्रांची त्रिमितीय मांडणी दाखवली. पुढे 1990 मध्ये हबल दुर्बिणीचा आरसा सदोष निघाला, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत तिचे फोटो सावरायला रिचर्डसन-ल्युसीचीच कृती कामी आली.

आबेंची हद्द या युक्तीने फारशी ओलांडता येत नाही. हद्दीच्या आतलं धुरकटलेलं तेवढं स्वच्छ होतं. फेऱ्या जास्त झाल्या तर कॅमेऱ्याची खरखर दाणेदार होऊन पेशीत नसलेले ठिपके उगवतात. आणि डमरूच चुकीचा घेतला तर सगळाच हिशोब फसतो. म्हणून जाणता माणूस नमुन्याआधी मण्याचा फोटो काढतो: त्याच भिंगातून, तेवढ्याच जाडीच्या झाकणकाचेतून, भिंग आणि काच यांच्यामधल्या त्याच तेलातून.